शोकेसमध्ये ठेवू नका

येरेव्हान, आर्मेनिया, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ऑफिसातला एक मुलगा शुक्रवारी दुबईमार्गे पुण्याला येतोय. त्याच्याकडे एक पिशवी देते आहे. दीड किलोच्या वर घेणार नाही म्हणाला, म्हणून बाबांसाठी बघून ठेवलेला अक्रोडाच्या लाकडाचा नार्दीचा, म्हणजे इथल्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, पट राहिला. आई "कशाला पाठवलंस, घरात ठेवायला जागा नाही" म्हणणारच आहे. ते म्हणून झालं असं धरून पुढचं वाचा.

इथे प्रजासत्ताक चौकाच्या मागे व्हेर्निसाज नावाचा उघड्यावरचा बाजार आहे. शब्द फ्रेंच आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चित्रकार चित्रांवर वॉर्निशचा शेवटचा हात मारायचे, त्यावरून आलेला. 1980च्या दशकात चित्रकारच आपली चित्रं घेऊन बसू लागले, मग कोरीव लाकूड, चांदी, गालिचे असं सगळं येत गेलं. शनिवार-रविवारी तुळशीबागेसारखी गर्दी. दर दुसऱ्या टेबलावर डाळिंबं: मातीची, चांदीची, लाकडाची, फ्रीजला चिकटवायची. इथे ते भरभराटीचं चिन्ह. तुम्हाला सांगोल्याची खरी मिळतात, म्हणून मी एकही घेतलं नाही.

पहिल्या वर्षी याच बाजारात फसले होते, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. "हातचा आहे" म्हणून एक छोटा गालिचा घेतला. घरी आणून उलटा केला तर झालर मशीनवर शिवून जोडलेली. हाताने विणलेल्याची झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे उरलेले दोरे असतात, वेगळी शिवावी लागत नाही. आता कुठलीही वस्तू आधी उलटी करते. विकणारे हसतात, पण खऱ्या कामवाल्या बायका स्वतःच पालथी करून दाखवतात.

अशाच एका आजींकडून आईसाठी रुमाल घेतलाय, पांढरा, चारी कडांना लेस. आई, ही तुझ्या क्रोशासारखी दिसते, पण क्रोशा नाही. शिवणाची साधी सुई आणि दोरा, बास. त्या दोऱ्याचा एक छोटा फास करतात, गाठ आवळतात, मग पुढचा फास. प्रत्येक गाठ स्वतंत्र. मी विचारलं, धागा तुटला तर? आजींनी तिथल्या तिथे एका जुन्या तुकड्याचा दोरा कात्रीने कापला आणि दोन्हीकडून ओढला. काही उसवलं नाही. तुझ्या टीव्हीवरच्या रुमालाचा एक टाका सुटला होता तेव्हा अख्खी ओळ सरसर निघाली होती, आठवतंय? आजींचं मूळ घराणं माराशचं, ते गाव आता तुर्कस्तानात आहे. 1915 साली तिकडे आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, तिच्यातून जी माणसं वाचून निघाली, त्यांतल्या कितीतरी बायकांनी अलेप्पो-बैरूतकडे याच सुईवर पोरंबाळं जगवली. एवढं ऐकल्यावर घासाघीस करायला माझं तोंड उघडलं नाही. तू असतीस तरी बहुधा उघडलं नसतं. बहुधा.

बाबांसाठी जझवे आहे, म्हणजे कॉफी करायचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. तुम्ही मला तांबट आळीत न्यायचात ना, ठोक्यांचा आवाज ऐकायला? याच्यावर तसेच ठोके आहेत, अगदी आपल्या मठारकामासारखे, फक्त बारीक. घेताना मी आत बोट फिरवून बघितलं आणि खुणेनेच विचारलं, आतून कथील लावलंय का? तो कारागीर एकदम खूश झाला. म्हणाला, हे कुठे शिकलीस? "कल्हई" हा शब्द मी त्याला तीनदा म्हणून दाखवला, त्याला काही जमला नाही. तर कल्हई आहे, निर्धास्त वापरा. गार पाणी, साखर, पिठासारखी दळलेली कॉफी, मंद आच. फेस वर येऊन कडेला टेकला की लगेच उतरवायचं, उकळी फुटू द्यायची नाही. गाळायची नाही, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. आईची चिकोरीवाली पावडर यात चालणार नाही. अर्धा पाव इथली पावडर सोबत दिलीय.

बाबा, तुमच्यासाठी आणखी एक गंमत, ही वजनात धरली जात नाही. इथल्या जुन्या गालिच्यांतला आणि पोथ्यांतला लाल रंग एका किड्यापासून काढत. अरारात पर्वताजवळच्या सपाटीवर गवताच्या मुळांशी राहणारा किडा. रंगाचं नाव 'वोर्दान कार्मिर', म्हणजे किड्याचा लाल. आणि आपला किरमिजी? तोही फारसीतल्या किड्यावरूनच आलेला, संस्कृतातल्या 'कृमि'चा भाऊबंद. आईच्या किरमिजी पैठणीबद्दल हे तिला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ओमसाठी दुदुक घेणार होते, जर्दाळूच्या लाकडाची असते. पण बाजारातल्या स्वस्तातल्या बऱ्याचशा नुसत्या खेळण्यातल्या. खरीला रुंद वेताची जिभली लागते, आणि आपल्या सनईला जसा मागे सूर धरणारा लागतो तसा इथेही जोडीदार लागतो. ओम एकटा वाजवणार आणि ऐकणार तुम्ही दोघं. राहू दे म्हटलं.

आता मुद्द्याचं. मामाने आणलेला जपानी टी-सेट शोकेसमध्ये आहे, मी तिसरीत असल्यापासून. त्यातून कुणी चहा प्यायलेला मला आठवत नाही. या पिशवीतलं काहीही त्याच्या शेजारी दिसलं तर मी पुढच्या वेळी रिकाम्या हाताने येईन. रुमाल जेवणाच्या टेबलावर घाला. वरण सांडलं तर धुवा, हातचा आहे, धुण्याने काही होत नाही. आजींनाच विचारून घेतलंय.

आणि हो, जझवेचा तळ लहान आहे, गॅसच्या शेगडीवर डुगडुगेल. पापड भाजायची जाळी खाली ठेवा.

तुमची,
मनू