सेक्टर १०, पण कुठल्या नोडचा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही विचारा, नुसतं 'सेक्टर १०' लिहिलेलं कुरिअर कुठं जाईल. सेक्टर १० वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरुळमध्येही आहे, त्यामुळे आपण सगळे आधी नोडचं, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराचं, नाव सांगतो आणि मग सेक्टर, हे कुणाला शिकवावं लागत नाही. एवढीशी गोष्ट एका सॉफ्टवेअरमध्ये राहून गेली आणि माझ्या आईचं वाचनालयातलं खातं पुसलं गेलं, म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात आई कितीतरी वर्षं जातेय, तिचा वाचक क्रमांक १४३. गणपतीनंतर पुस्तक बदलायला गेली तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, काकू, या नंबरवर तर दुसऱ्याच कुणा काकांचं नाव येतंय. नाव त्यांचं, पत्ता त्यांचा, फोन त्यांचा, आणि आईने आजवर नेलेली सगळी पुस्तकं त्यांच्या खात्यात. आईला वाटलं वर्गणी भरायची राहिली असेल म्हणून नाव काढलं, घरी येऊन कितीतरी वेळ गप्प बसून होती. मी महापेला एका कंपनीत डेटाबेसचंच काम करतो, वाचनालयाच्या लोकांनी विनंती केली म्हणून दोन रविवार बसून कोड बघितला.

सॉफ्टवेअर २०१३ मध्ये कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून फुकट करून दिलेलं, जँगो (वेबवरची सॉफ्टवेअरं बनवायची तयार चौकट) वापरून. वाचकांचं एक टेबल, देणगीदारांचं वेगळं टेबल, आणि दोन्हीकडे आपोआप १ पासून सुरू होणारा आयडी, तोच प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखायचा नंबर. मग त्यांनी 'आजीव सभासद' असं तिसरं मॉडेल (कोडमधलं टेबलाचं वर्णन) केलं, जो देणगीदारही आणि वाचकही, म्हणजे दोन्ही 'पालक' मॉडेलांचे रकाने वारशाने घेणारं, यालाच मल्टिपल इनहेरिटन्स म्हणतात. वाचायला कोड एकदम सरळ वाटतो. पण तिसऱ्या मॉडेलकडे 'आयडी' नावाची जागा एकच आणि दोन्ही पालकांचे नंबर तिथंच येऊन बसणार. एका म्यानात दोन तलवारी. ते काका आजीव सभासद झाले तेव्हा आधी देणगीदारांच्या टेबलात नोंद पडली, तिथं पुढचा नंबर होता १४३, तो मिळाला, मग वाचकांच्या टेबलात नोंद करायची वेळ आली तेव्हा जँगोने पाहिलं की आयडी तर आधीच भरलेला आहे आणि या टेबलात १४३ ची ओळही आहे, म्हणजे जुनी नोंद बदलायची असणार, आणि नवी ओळ न घालता आईच्याच ओळीवर काकांचं नाव लिहून टाकलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, स्क्रीनवर 'नोंद झाली' एवढंच. पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलात तर फक्त १४३ हा नंबरच असतो, म्हणून आईचं सगळं वाचन काकांच्या नावावर गेलं. अशा ११ ओळी आत्तापर्यंत सापडल्यात.

मुलांना दोष द्यायचा नाही मला, तेव्हा जँगोच हे चालवून घ्यायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये १.७ आवृत्ती आली, तेव्हापासून दोन पालकांचा आयडी एकमेकांवर आदळत असेल तर कोड चालवण्याआधीच्या तपासणीतच (चेक) एरर येतो, आणि पूर्वी यात डेटा जाऊ शकत होता असं त्यांनी तेव्हा डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं होतं. पण आपल्याकडे एकदा चालू झालेलं सॉफ्टवेअर कोण अपडेट करतंय? मुलं पास होऊन गेली, मशीन तिथंच राहिलं.

तुम्हाला मुद्दाम लिहायचं कारण म्हणजे जँगो जन्मलं तेच एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डमध्ये, आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमी, लेख, परीक्षण असल्या गोष्टी साठवता साठवताच ते घडलं, त्यामुळे एका ओळीवर दुसरी ओळ चढली तर काय होतं हे तुम्हाला जास्त समजेल.

उपाय अवघड नाही. दोन्ही टेबलांच्या कीला वेगळं नाव द्या, वाचक_आयडी आणि देणगीदार_आयडी, भांडण मिटलं. किंवा दोघांच्या वर 'व्यक्ती' असं एक मूळ मॉडेल ठेवा, मात्र मग प्रत्येक पालकाने त्या मूळ व्यक्तीशी असलेली वन-टू-वन (एकास एक) लिंक स्वतःच्या वेगळ्या नावाने लिहायला लागते, नाहीतर तीच टक्कर परत. मला विचाराल तर इथं वारसा वापरूच नये. देणगी देणं, पुस्तकं वाचणं या माणसाच्या भूमिका आहेत, आज आहेत उद्या नसतील, त्या काही त्याचा जन्म नाहीत. व्यक्तीचं एक टेबल, भूमिकांची वेगळी टेबलं, मध्ये फॉरेन की, म्हणजे व्यक्तीचा नंबर दाखवणारा रकाना, बस. एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या कल्पनेचा, पेपर १९७० मध्ये लिहिला, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली तेही १९७० च, पत्ता नीट लिहायची गरज तेवढी जुनी आहे.

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळला इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी वाचनालयं, सोसायट्या, मंडळं यांना मुलं असे प्रोजेक्ट करून देतात. गाइड असलेल्या सरांना-मॅडमना हात जोडून सांगणं आहे की व्हायवात एवढं विचारा, एकच माणूस दोन्ही रजिस्टरमध्ये असेल तर त्याचा नंबर कुठला? आणि ज्या संस्थांकडे २०१४ च्या आधीचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे त्यांनी कागदी रजिस्टर रद्दीत देऊ नका, ते समोर ठेवून नावं एकेक करून ताडून बघा, कारण बॅकअपमध्येही चुकीचंच नाव असू शकतं, आमच्याकडे पेनड्राइव्हवर होतं ते तसंच निघालं. आईची नोंद आम्ही रजिस्टरवरून परत भरली, १४३ नंबर तिलाच दिला, आणि ११ पैकी चार जणांचा अजून पत्ता लागलेला नाही.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे