रेवदंड्याच्या तांडेल काकांना, बडोद्याहून

काका, नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दिवाळीनंतर आलो होतो ते, गाडीच्या टपावर मासेमारीच्या रॉडचे पाइप बांधलेले. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता, त्यामुळे नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, तुमची नात वाचून दाखवेलच. आणि आमच्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मंडळींनाही कळू दे की जिताड्याच्या, म्हणजे खाडीतल्या त्या मोठ्या माशाच्या, मागे जायचं तर होडी नंतर, आधी माणूस शोधा.

आमची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे. घराजवळ नदी आहे ती विश्वामित्री, तिच्यात मगरी, काठावर गळ टाकून बसायची कोणाची हिंमत नाही. समुद्र म्हणाल तर खंभातचं आखात तसं जवळच, पण तिथलं पाणी म्हणजे नुसता गाळ आणि ओढ भयंकर. आम्हा बडोदेकरांना भरती-ओहोटी बघायची म्हणजे कावी-कंबोईला जायचं, स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ पाण्याखाली जातं ते बघायचं, चहा प्यायचा आणि परत. त्यामुळे भरती या विषयात आम्ही स्वतःला जरा शहाणेच समजत होतो. गच्चीवर कास्टिंगची, म्हणजे गळ लांब फेकायची प्रॅक्टिस झालेली, 30 पाऊंडची ब्रेड (विणलेला दोरा), 40 पाऊंडचा लीडर (गळाजवळचा जाड दोरा), लुअर्सचा, म्हणजे गळ लावलेल्या नकली माशांचा डबा भरलेला, म्हणजे तयारी फुल होती, आणि मासा भरतीला येतो एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ.

तुम्ही आदल्या रात्री विचारलंत, उद्या तिथी काय. आम्ही चौघंही मोबाइल काढून भरतीचं ॲप शोधायला लागलो आणि तुम्ही बोटावर हिशोब करून मोकळे. वद्य तृतीया, तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी म्हणजे आठच्या सुमाराला तळ. ॲपमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला फक्त. हे गणित आता मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, कोणाला गरज नसताना सांगतो, तिथीला पाऊणने गुणा, पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजा. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चालतं, आमच्या आखातात नाही चालणार, तिथल्या वेळा वेगळ्या, हेही तुम्हीच बजावलंत.

पहाटे अंधारात निघालो तेव्हा सुकती चालू होती आणि आमचे चेहरे पडलेले, कारण पाणी तर उतरतंय. तुम्ही साळावच्या पुलाखालून वर कुंडलिका नदीत होडी घेतलीत आणि खारफुटीतून एक बारीकसा ओहोळ खाडीत उतरतो तिथून चांगली लांब नांगर टाकून इंजिन बंद केलंत. मग जे झालं त्यासाठी मला खरं म्हणजे सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय. तुम्ही आम्हाला रॉड खाली ठेवायला लावलेत. "गप बसा रं वाईच, बघा आधी." अर्धा तास. मित्राचा पाय सुद्धा फळीवर आपटू दिला नाहीत. एवढ्या लांबून आलेल्या, पैसे दिलेल्या माणसांना असं गप्प बसवायला जिगर लागते. लांब दुसऱ्या एका होडीतले लोक सगळीकडे इंजिन पळवत लुअर फेकत होते आणि आमचा जीव तिकडे ओढत होता, ते तुम्हाला दिसत असणारच.

पण बघायला लागल्यावर दिसायला लागलं. खारफुटीत रात्रभर शिरलेलं पाणी बाहेर पडताना त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयटं, म्हणजे बारके मासे, बाहेर येत होती, त्यांना दुसरा रस्ताच नाही, आणि ओहोळाच्या तोंडाशी जिथे गढूळ पाणी खाडीच्या पाण्याला मिळतं तिथे एक रेघ पडली होती. त्या रेघेच्या पलीकडे मधूनच भप्प असा आवाज. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट मासा आत ओढतो, तो हा आवाज. वाचलं होतं आम्ही, ऐकलं पहिल्यांदा. मग तुम्ही म्हणालात, आता टाका, पण भपक्यावर नाही, ओहोळाच्या आत टाका आणि पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या, बोयट येतं तसं.

पहिला आला तो तीनेक किलोचा, उडी मारून डोकं झटकतो तेव्हा कल्ले उघडे पडतात आणि त्या कल्ल्याच्या कडा ब्लेडसारख्या, म्हणूनच लीडर जाड हवा. तो ठेवला. दुसरा मोठा होता, पट्टीवर 90 सेंटिमीटरच्या पुढे. आमचे फोटो चालू, आणि तुम्ही एकदम शांतपणे, "ही सोडायची. मोठी म्हणजे गाभोळीवाली." आम्हाला आधी वाटलं तुमची काही श्रद्धा असेल. घरी येऊन वाचलं तर जिताडा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी, साधारण याच मापाला पोचला की मादी होतो, म्हणजे मोठे बहुतेक सगळ्या माद्याच, आणि त्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात, लाखोंनी. म्हणजे तुमचं बरोबर होतं आणि पुस्तकाशिवाय बरोबर होतं. तिचं तोंड प्रवाहाकडे करून तुम्ही हात पाण्यात घालून धरून ठेवलंत, शेपटी जोरात हलेपर्यंत.

आणि हात म्हटल्यावर आता मुख्य गोष्ट. तिला सोडवताना लुअरचा मागचा तीन-काटी गळ आमच्या मित्राच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला, उलट्या काट्यासकट. तो पांढराफटक, आम्ही त्याहून पांढरे, कोणीतरी पक्कड मागतंय, कोणी ॲम्ब्युलन्स म्हणतंय, खाडीच्या मध्यावर. तुम्ही आधी रिंग कापून लुअर वेगळा केलात, म्हणजे हातात नुसता गळ राहिला. ब्रेडचा एक तुकडा दुहेरी करून गळाच्या वाकात अडकवलात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गळाचा डोळा (दोरा ओवायचं भोक) कातडीकडे दाबलात आणि त्याला विचारलंत, "काय रं, बडोद्यात मगरी खरंच रस्त्यावर येतात?" तो बिचारा 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात सोसायटीच्या गेटापाशी मगर आली होती ते सांगायला लागला, आणि "गेटा" पर्यंत पोचला तोच तुम्ही झटक्यात दोरा ओढलात. गळ टुणकन उडून होडीच्या कडेला लागला. रक्ताचे दोन-चार थेंब. तो म्हणतो त्याला कळलंच नाही. (वाचणाऱ्यांनो, डोळ्याजवळ, मानेवर किंवा सांध्यात गळ घुसला तर हा प्रयोग करू नका, सरळ डॉक्टरकडे.) मासेमारी तिथेच थांबवून तुम्ही त्याला स्वतः स्कूटरवर मागे बसवून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नेलंत आणि परतल्यावर म्हणालात, पाणी फिरलंय, अजून तासभर आहे, चला. त्या तासाचं काय सांगू, जलसा पडला नुसता.

काकूंनाही सांगा. त्या तीन किलोच्या जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ल्यावर आमच्यातला एक जण, जो घरी मासा म्हटलं की नाक मुरडतो, त्याने डोकं सुद्धा सोडलं नाही. त्याच्या आईला फोटो पाठवला तर विश्वास बसेना. तुमच्याकडे पूर्वी साहेब खूश करायला जिताडा भेट द्यायचे म्हणतात, ते आता पटलं.

मित्राचा हात ठीक आहे, छोटी खूण राहिलीय आणि ती तो गरज नसताना दाखवत फिरतो. तुमच्या होडीत आमचा लीडरचा नवा रोल राहिलाय तो परत पाठवायचा नाही, तुमच्यासाठीच ठेवलाय. होळीनंतर परत यायचं ठरतंय, चौथ-पंचमीच्या आसपास चालेल का तेवढं बघून सांगा, म्हणजे रजा टाकतो. लीलो चिवडा काकूंना आवडला होता ना, किती आणू तेही सांगा, "बरं बरं" म्हणून फोन ठेवू नका.

तुमची बडोद्याची पोरं