यंदाही मी परत येत नाही

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र इथला, बांगलादेशातला एक सहकारी सोबत नेतो आहे. तो वेल्लोरला प्रशिक्षणाला निघालाय, कोलकात्याला उतरला की पोस्टात टाकेल. फोनवर मी ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ एवढंच बोलते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आजूबाजूला माणसं असतात. मराठी कुणाला समजत नसली तरी ‘चर्च’, ‘बायबल’ हे शब्द सगळ्यांना समजतात.

बाबा, तुम्ही म्हणालात, ‘आता पुरे झालं, सामान बांध आणि ये.’ मी येत नाही आहे. इथल्या कुष्ठरोग दवाखान्याने माझा फिजिओथेरपिस्टचा करार वाढवायचा का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. इथल्या सरकारच्या एनजीओ ब्युरोची परवानगी आणि व्हिसा यांचे कागद पुढे गेले आहेत. आईला हे वाचून रडू येईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच का थांबते आहे ते नीट सांगते.

तुमची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथलं सरकार पडलं तेव्हा तुम्ही रात्र रात्र टीव्हीसमोर बसून होतात. तेव्हापासून भारतीय म्हणून काळजी आणि ख्रिस्ती म्हणून काळजी, अशा दोन काळज्या तुमच्या मागे लागल्या आहेत. मी इथे येण्याआधीचंही तुम्ही सगळं वाचलं होतंत. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिनाजपूरला फादर पिएरो पारोलारी या इटालियन डॉक्टर-धर्मगुरूंना सायकलवरून दवाखान्यात जाताना गोळी घातली. पुढे मार्च २०१६ मध्ये कुरिग्रामला हुसैन अली यांना सकाळी फिरायला गेले असताना कोयत्यांनी मारलं. दोन्ही ठिकाणं रंगपूरपासून काही तासांच्या वाटेवर आहेत.

पण बाबा, या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. फादर वाचले, त्यांच्यावर उपचार झाले आणि पुढे ते इटलीला परतले. हुसैन अली ६८ वर्षांचे होते, १९७१ च्या मुक्तियुद्धात लढलेले. १९९९ मध्ये त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं आणि त्यानंतरही ते त्याच शहरात, त्याच रस्त्यांवर राहिले. त्यांना परत जायला दुसरा देश नव्हता. आपल्या मंडळीत ‘छळ सोसणारे मिशनरी’ म्हणून माझ्यासाठी प्रार्थना होते, तेव्हा मला अवघडून जातं. माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, बॅग भरली की दोन दिवसांत मी मिरज स्टेशनवर उतरेन. छळ सोसतात ते इथले. प्रार्थना त्यांच्यासाठी करा.

हा छळ कसा असतो ते सांगते, कारण टीव्हीवर तो दिसत नाही. बांगलादेशात धर्म बदलणं हा कायद्याने गुन्हा नाही. १९८८ पासून इस्लाम हा राज्यधर्म आहे, पण संविधानाचं ४१ वं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा आणि सांगायचाही हक्क देतं. नाताळची सरकारी सुट्टी असते. जे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, संथाळ, गारो किंवा जुनी बंगाली घराणी, त्यांना शेजारीपाजारी तसे ओळखतात. जमिनीवरून भांडणं होतात, त्रासही होतो, पण ते कोण आहेत हे ठरलेलं असतं. सगळे ख्रिस्ती मिळून हजारात जेमतेम तीन. त्यातही मुसलमान घरातून आलेला विश्वासणारा असतो त्याला कुठेच जागा नसते. त्याच्यावर खटला भरत नाहीत. त्याचा भाऊ त्याच्याशी बोलणं सोडतो, सासरे बायकोला माहेरी घेऊन जातात, त्याच्या दुकानावर गिऱ्हाईक येईनासं होतं. गावची सालिश, म्हणजे आपली जुनी पंचायत, बसते आणि त्याला वाळीत टाकते. पोलिसात काय सांगणार? कोणी मारलेलं नसतं.

इथे एक खाला, म्हणजे मावशी आहेत. नाव आणि गाव लिहीत नाही. विधवा आहेत, साठीच्या पुढच्या. दोन्ही पाय बधिर, डाव्या टाचेला जुनी जखम. पहिल्यांदा आल्या तेव्हा पायात काचेचा तुकडा रुतलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. कुष्ठरोगाच्या गोळ्यांनी अंग काळवंडलं होतं. तुम्हाला माहीत आहे, क्लोफाझिमिनने कातडी कशी होते ती. गावात त्यावरूनच ओळखलं लोकांनी. सुनेने त्यांची थाळी वेगळी केली. महारोगाने त्यांना आधी एकदा वाळीत टाकलेलंच होतं.

विश्वास कधी धरला ते त्यांनी मला बरेच दिवस सांगितलं नाही. वाचता येत नाही त्यांना. मोबाईलच्या मेमरी कार्डावर शुभवर्तमानाचं बंगाली वाचन आहे. ते कार्ड त्या पानाच्या डब्यात ठेवतात, चुन्याच्या डबीखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. रात्री घर निजलं की कार्ड मोबाईलमध्ये घालायचं, फोन उशीखाली कानाशी धरायचा आणि पहाटेच्या अजानच्या आधी पुन्हा डब्यात. मुलाला तो डबा सापडला तेव्हा सालिश बसली. ‘कुणी किती पैसे दिले?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘परत कलमा पढणार का?’ खालांनी काही उत्तर दिलं नाही, गप्प बसून राहिल्या. वाडीतल्या हापशावर येऊ नको, एवढा निकाल लागला.

पाण्याचं काय केलंत, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, शेजारीण रोज अंधार पडल्यावर कुंपणाच्या कडेला भरलेली कळशी ठेवते. ती पाच वेळा नमाज पढणारी बाई आहे. एक शब्द बोलत नाही, कळशी ठेवते आणि निघून जाते.

आई, बायबलमधला निकदेम येशूकडे लपून रात्री का आला हे आपण शब्बाथ शाळेत मुलांना किती सहज समजावून सांगतो. इथे येईपर्यंत मी त्याला भित्रा समजत होते. आता तसं मनात येत नाही.

खालांना मरणाची भीती वाटत नाही. त्यांना वेगळीच काळजी आहे. पायाचं ड्रेसिंग करताना एकदा म्हणाल्या, ‘मला पुरतील कुठे?’ नवऱ्याशेजारी गावच्या कबरस्तानात जागा मिळणार नाही असं त्यांना सांगून झालं आहे. मुलगा बापाच्या कबरीकडे जाऊ देत नाही. मी म्हटलं, आमच्या आवारात जागा आहे. त्या म्हणाल्या, ‘तिथे मला कोण ओळखतं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पट्टी बांधली आणि त्यांचा पाय बराच वेळ मांडीवर तसाच धरून बसले.

‘कुणी किती पैसे दिले’ या प्रश्नाबद्दल लिहायला हवं, कारण तो प्रश्न आपल्यालाही नवा नाही. आजोबांना गावाने तेच विचारलं होतं, बाबा, तुम्हीच सांगितलंत. दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी बाटले, असं लोक म्हणत. इथे आम्ही याबाबत फार कडक आहोत, आणि असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. वॉर्डात धर्मप्रचार नाही. उशाशी पत्रकं ठेवायची नाहीत. कुष्ठरोगाच्या गोळ्या जगभर फुकट मिळतात, इथल्या सरकारी आरोग्य केंद्रातही मिळतात, त्यामुळे औषधासाठी आमच्या दारी कुणाला यावंच लागत नाही. लोक येतात ते जखमांसाठी, वाकड्या बोटांच्या ऑपरेशनसाठी, चपलांसाठी, आणि इथे कुणी नाक दाबून बोलत नाही म्हणून. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर मी खरं सांगते. विचारलं नाही तर पाय धुते. काही मिशनरी मंडळींना हे कमी वाटतं, मोजता येईल असं फळ हवं असतं. अहवालात आकडे आणि फोटो हवे असतात. मला त्याचा राग येतो. त्या फोटोची किंमत खालांसारखी माणसं मोजतात.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते कळकळीचं आहे. कापणीच्या सणाला पाळकसाहेबांनी माझे फोटो पडद्यावर दाखवले आणि दवाखान्याचं नाव, गावाचं नाव सगळं जाहीर केलं, असं आईने सांगितलं. प्रेमानेच केलं, मला माहीत आहे. पण तेच फोटो नंतर व्हॉट्सॲपवर फिरले. मिरजेतून निघालेला फोटो रंगपूरला पोचायला वेळ लागत नाही. बाबा, तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगा. माझं नाव घेतलं तरी चालेल, जागेचं घ्यायचं नाही. इथल्या कुणाचाही चेहरा दाखवायचा नाही, पाठमोरासुद्धा नाही. हे पत्रही मंडळीत वाचून दाखवू नका.

दुसरं मागणं आईकडे. फोनवर तू म्हणालीस, ‘ती माणसंच तसली.’ तू घाबरून बोललीस, पण असं म्हणू नकोस. ऑगस्टमधल्या त्या दिवसांत ठाणी ओस पडली होती, पोलीस दिसत नव्हते. आमच्या फाटकाशी गावातली पोरं आळीपाळीने बसली, रात्रभर, हातात काठ्या घेऊन. त्यांतली काही मदरशात शिकणारी होती. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. एकाच्या आजीच्या हाताचं ऑपरेशन आमच्याकडे झालेलं, एकाचा बाप आमच्या स्वयंपाकघरात कामाला. पलीकडच्या मशिदीचे इमाम आम्हाला रुग्ण पाठवतात. अंगावर बधिर चट्टा दिसला की लपवू नका, मिशनच्या दवाखान्यात जा, असं शुक्रवारी नमाजनंतर सांगतात. आमच्याकडच्या नर्सेस, ड्रायव्हर, प्रयोगशाळेतला माणूस, बहुतेक सगळे मुसलमान आहेत. रमजानात पाण्याचा थेंब न घेता दुपारभर जखमा धुतात. खालांना वाळीत टाकणारेही मुसलमान, आणि कळशी ठेवणारीही मुसलमानच. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच सांगितलं तर मी खोटं बोलले असं होईल.

आणि तू तर मिरजेची आहेस. मीरासाहेबांच्या उरुसात रात्री गाणं ऐकायला आपण जायचो, तू मला कडेवर घेऊन. सतारमेकर गल्लीतल्या चाचींच्या हातचा शीरखुर्मा घरी आल्याशिवाय आपली ईद झाली नाही. २००९ मध्ये गणपतीत दंगल पेटली तेव्हा गल्लीगल्लीत माणसं घाबरून दारं लावून बसली होती, ते तुला आठवतं. थोडे असणं म्हणजे काय हे आपण घरात बसून शिकलो आहोत. ‘पैसे घेऊन धर्म बदलला’ हे आपल्या देशातही आपल्याला ऐकावं लागतं. मग दुसऱ्या देशातल्या थोड्यांसाठी रडताना आपल्याच शेजाऱ्यांबद्दल मनात कडवटपणा कसा ठेवायचा?

बाबा, तुम्हाला ग्रॅहम स्टेन्स आठवत असतील. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर. त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळलं, ती बातमी आली त्या दिवशी तुम्ही कामावरून आलात आणि जेवला नाहीत. तेही कुष्ठरोग्यांचंच काम करत होते. ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि त्या लगेच ऑस्ट्रेलियाला गेल्या नाहीत, काही वर्षं बारीपद्यातच थांबून काम पाहिलं. तेव्हा तुम्ही घरच्या प्रार्थनेत म्हणाला होतात की त्या बाईला थांबायचं बळ मिळो. माझ्यावर तसलं काही ओढवलेलं नाही, ओढवू नये अशीच प्रार्थना करा. पण थांबायचं बळ माझ्यासाठीही मागा. परत येण्याचं मागू नका. मी कोणाला वाचवायला थांबत नाही. खालांच्या डाव्या टाचेची जखम अजून भरलेली नाही आणि ती बघायला दर आठवड्याला कुणीतरी लागतं. दवाखान्यात नवी फिजिओथेरपिस्ट मिळणं किती अवघड झालंय ते तुम्हाला माहीत आहे. मी गेले तर ती खोली बंद राहील.

खबरदारी मी घेते. अंधार पडल्यावर आवाराबाहेर जात नाही. गावात जाताना सोबत इथलं कुणीतरी असतं. शुक्रवारी इथे सुट्टी असते म्हणून आमची उपासना शुक्रवारी होते, आवारातच. बंगाली गाणी आता मला तोंडपाठ झाली आहेत. सैदपूरच्या बाजारात उर्दू बोलणारे बिहारी लोक खूप आहेत. त्यांच्याशी मी माझ्या मिरजेच्या हिंदीत बोलते आणि ते खूश होऊन भाजी जास्त घालतात. जेवण चांगलं आहे. हिलसा मासा आई, तुझ्या हाताला दिला तर काय होईल याचा विचार करते. भाकरी मात्र मिळत नाही.

मे महिन्यात पंधरा दिवस येईन, रजा मंजूर आहे. तोवर आई, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, हळू खाली. दोन्ही वेळा. जिना कमीत कमी. बाबा, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका.

आणि बाबा, तुमच्याकडून एक काम हवं आहे. इथल्या चपलांच्या खोलीत एक नवा मुलगा लागलाय. हात चांगला आहे, पण टाचेला जखम असलेल्या पायाची चप्पल त्याला नीट जमत नाही. वजन पुढे टाकायचं म्हटलं की पुढे घट्टे धरतात. तुम्ही मिरजेला त्या कुष्ठरोग दवाखान्यात असताना चपलेच्या तळाच्या मऊ एमसीआर रबराला टाचेखाली कसं कोरत होतात, किती खोल, कडा कशा तासत होतात, ते कागदावर काढून द्याल का? मापं सेंटीमीटरमध्ये लिहा. पट्टा कुठे शिवायचा त्याचीही खूण करा, बोटं वाकडी असली की पुढचा पट्टा निसटतो. शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवलात तरी चालेल, मी त्याला बंगालीत समजावून सांगेन. खालांचं माप मी घेतलेलं आहे: डावा पाय २२, उजवा २१.

तुमची,
बेबी