खानापूरच्या मेस्त्रींना, खुर्चीबद्दल

मेस्त्री,
सादर नमस्कार.

तुम्ही मोबाइल हातात घेऊन वाचणार नाही, तुमचा नातू वाचून दाखवील. चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. "आता कारागीर राहिलेत कुठं" असं म्हणणारे बेळगावात पुष्कळ भेटतात, त्यांच्याही कानावर जाऊ दे.

आबांच्या आरामखुर्चीसाठी मी फोटो घेऊन फिरत होते. बहुतेकांनी फोटो बघून थेट भाव सांगितला, एकानं तर प्लायवूडमध्ये अर्ध्या किमतीत देतो म्हटलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "बसणार कोण?"

एक फोटो डेन्मार्कच्या हान्स वेग्नरच्या १९५० सालच्या खुर्चीचा होता, बैठक आणि पाठ कागदाला पीळ देऊन केलेल्या दोरीनं विणलेली. दुसरा जपानच्या दाइसाकू चो यांच्या बुटक्या खुर्चीचा, १९६० सालच्या. वेग्नर हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, पोरवयातच सुतारकामाला लागलेला, हे ऐकून तुम्ही खूश झालात. जपानी सुतार रंधा ढकलत नाहीत, अंगाकडे ओढतात, हे मात्र पटेना. तिथल्या तिथं रंधा उलटा धरून दोनचारदा ओढून बघितलात आणि म्हणालात, "खाली बसून काम करणाऱ्याला हेच सोयीचं की हो."

त्या जपानी खुर्चीची बैठक जमिनीपासून २९ सेंटिमीटरवर. चटईवर बसणाऱ्या घरांसाठी केलेली. आबांचाही जन्म पाटावर गेलेला, पण आता त्यांचे गुडघे ऐकत नाहीत. तुम्ही विटांवर फळी टाकलीत, आबांना बसवलंत, उठवलंत, फळीखाली काहीबाही सारत गेलात. गुडघ्यावर हात न टेकता ते उठले तिथं थांबलात. पुढून १५ इंच, मागं उतार. खुर्चीचे हात चार बोटं पुढं काढलेत, उठताना रेटा द्यायला. जपानी खुर्चीतलं एक मात्र तसंच ठेवलंत: पायांखालच्या रुंद पट्ट्या. तिकडं त्या चटईला वळ पडू नयेत म्हणून, आमच्याकडं माडीवरच्या फळ्यांना ओरखडे पडत नाहीत म्हणून.

लाकूड आमचंच. २०१९ च्या पावसात गावच्या घराची पडवी बसली, तिच्या सागवानी तुळया गोठ्यात पडून होत्या. भाऊ जळणाला काढणार होता. तुम्ही लोहचुंबक फिरवून खिळे हुडकलेत, उपटलेत, आणि मगच रंधा लावलात. एका खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं होतं. तो तुकडा बाद न करता उजव्या हातावर घेतलात. आबांचा अंगठा सारखा तिथंच फिरतो.

आणि तो सांधा! पायाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, खुर्चीच्या हातातून आरपार वर आलेलं, त्यात शिसवीची काळी पाचर. ती पाचर हाताच्या रेषांना आडवी का बसवायची, हे तुम्ही मला पेन्सिलीनं काढून दाखवलंत. रेषांच्या दिशेनं ठोकली तर हात उभा चिरतो, आडवी ठोकली तर कुसू फुगून घट्ट बसतं. बैठकीच्या चौकटीत एकही खिळा नाही. खानापूरच्या पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, त्याला हलायला जागा तुम्ही ठेवलीत. पॉलिशची चकाकी मला नकोच होती. तुम्ही अळशीचं तेल चोळून दिलंत ते फार बरं केलंत.

तुमच्या घरच्या अक्कांचे आभार वेगळे. कागदाची दोरी इथं कुठं मिळणार? काथ्या टोचतो. त्यांनी सुताची दोरी भिजवून, ताणून, वाळवून घेतली आणि बैठक, पाठ विणली. (वेग्नरच्या एका जेवणाच्या खुर्चीला म्हणे १२० मीटर दोरी लागते. अक्कांनी किती वापरली ते त्यांनाच विचारा, मला त्यांनी मोजू दिली नाही.)

पैशाचंही बोलू दे. ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ गेला तरी तुम्ही ठरलेलेच घेतलेत. "माझं शिकायचं काम होतं," म्हणालात. हे मला पटलेलं नाही.

पाठीची दोरी पावसात जरा सैल पडलीय, ती पडणार हे तुम्ही सांगितलंच होतं. उघडीप मिळाली की या, अक्कांनाही आणा. शेजारचे काका आबांची खुर्ची रिकामी झाली की लगेच येऊन बसतात, त्यांचं माप घ्यायचंय. आणि या खेपेला भाव मी सांगणार.

आपली,
आबांची लेक
टिळकवाडी, बेळगाव