आसिफसाहेबांचे स्वप्न आणि आमचे तिकीट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘लव्ह अँड गॉड’वरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, लेखकाचे अभिनंदन. पण ‘मुगल-ए-आझम’चे दिग्दर्शक के. आसिफ यांचे अधुरे स्वप्न १९८६ मध्ये साकार झाले, हे त्यातले विधान काही घशाखाली उतरेना. लेखकमहाशयांनी तो सिनेमा पाहिला आहे का? मी पाहिला आहे, थिएटरात, पदरचे पैसे मोडून.

त्या खेळाला मध्यंतरानंतर रिळे उलटसुलट लागली. एरवी अशा वेळी शिट्ट्या वाजतात, खुर्च्या आपटतात, ऑपरेटरच्या आईवडिलांचा उद्धार होतो. त्या दिवशी कोणी हूं की चूं केले नाही, कारण कोणाला पत्ताच लागला नाही! आधी विरह आणि मग भेट, असे दिसल्यावर मला शंका आली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “फ्लॅशबॅक असेल.” सुटल्यावर डोअरकीपरला विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, “साहेब, तुम्ही पहिलेच विचारणारे.” ज्या सिनेमाची रिळे कशीही लावली तरी चालतात, त्याला साकार झालेले स्वप्न म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

आसिफ यांच्या पत्नी अख्तर आसिफ यांची तळमळ आणि निर्माते के. सी. बोकाडिया यांची खटपट, दोन्हींबद्दल आदर आहे. त्यांच्यामुळे डबे कुजले नाहीत. पण ‘मुगल-ए-आझम’मधल्या शीशमहलाच्या एका सेटसाठी दोन वर्षे घालवणाऱ्या माणसाचे चित्रण स्टुडिओ-स्टुडिओतून गोळा करून काही महिन्यांत जोडायचे, आणि वर त्याचेच नाव लावून विकायचे? हा तुकडा इथला नाही, हे सांगायला तोवर होते कोण? आसिफ १९७१ मध्येच गेले. मूळचा नायक गुरुदत्त तर १९६४ मध्ये, काम अर्धवट टाकून. त्याच्या जागी आलेला संजीवकुमारही प्रदर्शनाच्या सहा-सात महिने आधी गेला. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा अधुरा राहिलेला ‘द अदर साइड ऑफ द विंड’ त्याच्यामागे इतरांनी २०१८ मध्ये पुरा केला, तेव्हा निदान त्याने स्वतः संकलित करून ठेवलेला भाग हाताशी होता. इथे पाटी लावायची होती: ‘आसिफ यांनी चित्रित केलेले प्रसंग, मिळाले तेवढे.’ मी तरीही तिकीट काढले असते. संजीवकुमारचा तो कोवळा चेहरा पाहायलाच काढले असते.

जाता जाता आणखी एक. लेखाबरोबर ‘मुगल-ए-आझम’चे जे रंगीत छायाचित्र छापले आहे, तो प्रसंग मुळात कृष्णधवल आहे. आसिफ यांनी रंगात चित्रित केली ती मोजकीच रिळे. बाकीचा रंग २००४ मध्ये, ते जाऊन तेहतीस वर्षे झाल्यावर, दुसऱ्यांनी फासला. त्याखाली ‘आसिफ यांची रंगांची जाण’ अशी ओळ टाकणाऱ्या आपल्या उपसंपादकांना माझा साष्टांग नमस्कार कळवावा.

आपला,
एक जुना वाचक, मुंबई