सज्जादच्या गोष्टी मीच सांगितल्या होत्या

मिरज, रविवार

चि. अमेय यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री मेघनाचा फोन आला. दिग्दर्शकाने तुझ्या गाण्याचा अंतरा दुसऱ्याच कोणाकडून बदलून घेतला म्हणून तू चित्रपट अर्ध्यावर सोडलास, आगाऊ घेतलेले पैसे परत केलेस आणि निघताना चार वादकांच्या देखत त्याच्या कानांविषयी काहीतरी बोललास, हे तिने सांगितले. तुझी आई शेजारीच उभी होती. घराचा हप्ता कितीचा आहे, एवढेच तिने विचारले. त्या हप्त्याविषयी या पत्रात लिहायचे नाही असे ठरवूनच मी बसलो आहे.

मला राग आलेला नाही. खरे सांगायचे तर प्रथम हसू आले आणि मग पोटात गोळा आला, कारण बोलण्याची ती तऱ्हा तुझी नव्हे. ती तू तात्यांच्या माडीवर उचललीस. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा जण तिथे तबकड्या ऐकायला जमत होतो आणि तू सतरंजीच्या कोपऱ्यात भडंगाचे ताट मांडीवर घेऊन बसत होतास. संगीतकार सज्जाद हुसेन गायक तलत महमूदना 'गलत महमूद' आणि किशोरकुमारना 'शोरकुमार' म्हणत, हे किस्से आम्ही एकमेकांना टाळ्या देत कितीदा सांगितले असतील! १९४४ च्या 'दोस्त'मधली नूरजहाँची गाणी गाजली, आणि दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी, म्हणजे तिचे यजमान, यांनी त्याचे सारे श्रेय तिच्या गळ्याला दिले, तेव्हा तिच्याबरोबर पुन्हा काम करायचे नाही असे सज्जादनी ठरवून टाकले. 'हलचल' तर अर्ध्यातच सोडला आणि उरलेली गाणी महंमद शफींना करावी लागली. हे ऐकताना नाना दर वेळी मांडीवर थाप मारून "याला म्हणतात ताठा!" असे म्हणत असत. नानांचा आणि माझा पगार मात्र एक तारखेला जमा होत होता.

एकदा त्या दिग्दर्शकाला फोन केलास तर काय हरकत आहे? माफी मागू नकोस. नुसती विचारपूस कर.

१९३७ मध्ये सीतामऊहून मुंबईत आलेल्या तरुण सज्जादना मिनर्व्हा मूव्हीटोन या चित्रपटसंस्थेत महिना ३० रुपये मिळत. १९४४ च्या 'गाली'पासून १९७७ च्या 'आखरी सजदा'पर्यंत, तेहतीस वर्षांत, त्यांच्या वाट्याला वीसही चित्रपट आले नाहीत. १९५२ च्या 'संगदिल'मध्ये दिलीपकुमार आणि मधुबाला होते, 'ये हवा ये रात ये चाँदनी' होते; त्या गाण्याचे सतरा टेक झाले असे सांगतात आणि आम्हीही तो आकडा अभिमानाने सांगत आलो. १९५८ साली मदनमोहननी त्याच चालीच्या वळणावर 'आखरी दाव'मधले गाणे केले, आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतले. मदनमोहनना कामे मिळत राहिली. सज्जादचा मात्र १९५५ च्या 'रुखसाना'नंतरचा 'रुस्तम सोहराब' पडद्यावर यायला १९६३ साल उजाडले. मधल्या आठ वर्षांत त्या मुलाबाळांच्या घरात चूल कशी पेटत होती, हे आमच्या बैठकीत एकानेही कधी विचारले नाही. मीही विचारले नाही. परवा मेघनाचा फोन ठेवल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आले.

हा पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. तू अडतीस वर्षांचा आहेस आणि माझ्यापेक्षा तुला सूर अधिक कळतो.

'रुस्तम सोहराब' म्हटले की मला वेगळेच आठवते. आपल्या 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांनी तो दिग्दर्शित केला म्हणून तात्यांना त्याचा घरच्यासारखा अभिमान होता. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. त्यातले 'ऐ दिलरुबा' मी पहिल्यांदा लावले तेव्हा तू बाहेर गोट्या खेळत होतास. लताबाईंचा आवाज सुरू झाला आणि तू हातातल्या गोट्यांसकट दारात येऊन उभा राहिलास. गाणे संपल्यावर "बाबा, ती मध्येच दुसऱ्या गावाला गेली का?" असे विचारलेस. चाल कुठे वळते ते तू बरोबर हेरले होतेस. त्या दिवशी मी तुझ्या आईला सांगितले की हा पोरगा आपला राहणार नाही.

पुढे तुला मेंडोलिनच हवे झाले. बँडवाल्याकडून घेतलेले ते जुने वाद्य आपण सतारमेकर गल्लीत नेले, तर म्हाताऱ्या कारागिराने ते उलटेपालटे करून "हे आमच्यातले नव्हे" असे म्हटले. तरी तारांखालची घोडी घासून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आठ तारा, आखूड मान, त्यावर पडदे. तार ओढून मींड काढायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, जागाच नाही. तशा वाद्यावर सज्जाद राग वाजवत असत. तू दोन वर्षे एका मींडेवर अडला होतास, बोटांची सालपटे निघाली होती, आणि आई हळद लावायला आली की हात पाठीमागे लपवत होतास.

२१ जुलै १९९५ ला सज्जाद गेले. पुढच्या बैठकीत तात्यांनी एकामागून एक नऊ तबकड्या लावल्या आणि कोणी बोलले नाही. आम्हा दहा-बारा जणांचे प्रेम खोटे नव्हते, अमेय. पण त्या तबकड्यांपैकी बहुतेक आम्ही जुन्या बाजारातून घेतल्या होत्या. त्यातला एक पैसाही त्यांच्या घरी पोचला नव्हता. फोन कर असे मी म्हणतो ते यासाठी. तुझी चाल चुकली असे मी म्हणत नाही. बदललेला अंतरा मेघनाने मला ऐकवला. तो वाईट आहे.

काल नाना आले होते. तू पाठवलेली मूळ चाल मी त्यांना मोबाइलवर ऐकवली. कानाचे यंत्र नीट बसवून त्यांनी ती तीनदा ऐकली आणि येत्या बैठकीत सर्वांना ऐकवू असे म्हणाले. आता आम्ही पाचच जण उरलो आहोत. तुझी हरकत नसेल तर ऐकवतो. पण त्याआधी तू तो फोन केलेला असावास असे मला वाटते.

तारांचे दोन संच कुरिअरने पाठवले आहेत. पोचले की मेघनाला कळवायला सांग.

तुझे,
बाबा