'रोसेलिनीची प्रेयसी' एवढीच ओळख?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या जुन्या नट्यांवर पानभर लेख आला होता. फोटो छान मोठे होते, सोफिया लॉरेन होती, जिना लोलोब्रिजिडा होती, आणि मी चहा तसाच बाजूला ठेवून एका दमात वाचला कारण मला त्यात एकच बाई शोधायची होती, ॲना मान्यानी. सापडली ती शेवटच्या कॉलममध्ये, दीड ओळीत. 'रोसेलिनीची प्रेयसी, जिला सोडून तो इन्ग्रिड बर्गमनकडे गेला.' बस्स. रोसेलिनी म्हणजे इटलीचा नावाजलेला दिग्दर्शक आणि बर्गमन ही हॉलिवूडची स्वीडिश नटी, पण मान्यानीची स्वतःची ओळख काहीच नाही. नावसुद्धा 'मॅग्नानी' असं छापलेलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, म्हणून हे पत्र.

मी काही सिनेमाची अभ्यासक नाही. लालबागच्या चाळीत वाढले, नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. आई परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि वडील गिरणीत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि वडिलांचा पगार बंद झाला तो कायमचाच, तेव्हा आई ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन परत बाहेर पडायची, चाळीचाळीतून इंजेक्शनं द्यायला. काचेची सिरिंज आणि सुया स्टीलच्या चपट्या डब्यात घालून स्टोव्हवर उकळायची, डब्याचं झाकण थडथड वाजायला लागलं की आम्हाला कळायचं आता आई निघणार. कुणाला टीबीची, कुणाला डायबेटिसची, कुणाला नुसतीच ताकदीची. मिळतील ते पैसे ब्लाऊजमधल्या छोट्या पाकिटात. तेवढ्यावर आमचं घर चाललं.

तर त्याच सुमारास ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी फिल्म सोसायटीची मेंबर झाले आणि तिथे विस्कोंती या इटालियन दिग्दर्शकाचा 'बेलिसिमा' बघितला, 1951 चा. त्यात मान्यानी आहे माद्दालेना. रोममधल्या चाळीसारख्याच बिल्डिंगमध्ये राहणारी, नवऱ्याशी भांडणारी, मोठ्या आवाजात बोलणारी आणि घरोघर जाऊन इंजेक्शनं देऊन पैसे साठवणारी बाई! मी अंधारात बसून अक्षरशः रडत होते आणि शेजारच्या मैत्रिणीला कळेना हिला काय झालं. तोपर्यंत पडद्यावर मी नर्स बघितली होती ती पांढऱ्याशुभ्र टोपीतली, गाणं म्हणणारी. घामाने केस कपाळाला चिकटलेली, डोळ्याखाली काळी वर्तुळं असलेली आणि तरीही सगळ्या चाळीला पुरून उरेल अशी बाई मी फक्त घरी बघितली होती. त्या बिल्डिंगच्या अंगणात उघड्यावरचा सिनेमा असतो आणि माद्दालेना तो जीव टाकून बघते, आमच्या गल्लीत गणपतीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे आणि गॅलरीतून पडद्याच्या मागच्या बाजूने आम्ही उलटा बघायचो, ते सगळं आठवलं.

गोष्ट साधी आहे, सिनेमासाठी लहान मुलगी हवी अशी जाहिरात निघते आणि माद्दालेना आपल्या छोट्या मारियाला घेऊन स्टुडिओच्या गर्दीत घुसते. मुलीला डान्स शिकव, फ्रॉक शिवून घे, कुणीतरी वशिला लावतो म्हणून त्याला साठवलेले पैसे दे, आणि तो गडी त्या पैशाने स्वतःसाठी लॅम्ब्रेटा घेतो. मध्येच आरशासमोर केस विंचरता विंचरता ती स्वतःलाच विचारते की अभिनय म्हणजे तरी काय, मी स्वतःला दुसरीच कुणी समजले की झालाच की अभिनय. आणि हे म्हणताना ती इतकी अभिनय न केल्यासारखी दिसते की बस्स. शेवटी प्रोजेक्शनच्या खोलीत लपून ती मुलीची स्क्रीन टेस्ट बघते, मारिया पडद्यावर रडतेय आणि खाली बसलेले सिनेमावाले पोट धरून हसतायत. मुलगी सिलेक्ट होते, काँट्रॅक्ट घरी येतं, आणि ही बाई ते नाकारते.

मागच्या वर्षी माझी सून नातीला घेऊन अंधेरीला एका ऑडिशनला गेली होती. सहा वर्षांची पोर, तीन तास लाइनीत, आणि आत गेल्यावर तिचा 'र' नीट येत नाही म्हणून तिथले दोघंतिघं हसले आणि परत परत तेच वाक्य बोलायला लावलं. कुणाचं नाव घेत नाही. पण सून घरी येऊन गप्प बसली होती तेव्हा मला तो प्रोजेक्शनच्या खोलीतला मान्यानीचा चेहरा दिसला, हसू, मग कळणं, मग राग, सगळं एकामागोमाग एक शब्द नसताना येतं तो. सत्तर वर्षांपूर्वीचं आहे हे! अशा बाईला तुम्ही दीड ओळ देता?

आता थोडं तिच्याबद्दल, कारण तुमच्या वाचकांना कळायलाच हवं. 7 मार्च 1908 चा जन्म, रोमची. बाप कोण ते माहीत नाही, आजीने वाढवलं. नाट्यशाळेत शिकली, नाइटक्लबात गायली, तोतो या विनोदी नटाबरोबर रेव्ह्यू केले, म्हणजे आपल्याकडे गाणी, बतावणी, सरकारला टोमणे असं लोकनाट्य असतं ना, साधारण तसं. सिनेमात 1934 पासून होती पण मोठं काम मिळत नव्हतं कारण तेव्हा हवे होते गुळगुळीत चेहरे. 1942 मध्ये मुलगा झाला, लुका, आणि लहानपणीच त्याला पोलिओ झाला. बाप निघून गेला होता, तिने मुलाला स्वतःचं आडनाव लावलं आणि त्याच्या उपचारांसाठी ढोर मेहनत केली. 

मग 1945 मध्ये 'रोम, ओपन सिटी'. ती तेव्हा 37 वर्षांची होती, आपल्याकडे त्या वयात नटीला आईचे रोल देऊन मोकळे होतात. रोममधून जर्मन जाऊन वर्षही झालं नव्हतं, उत्तरेत लढाई चालूच होती, फिल्मसुद्धा धड मिळत नव्हती आणि रोसेलिनीने शूटिंग सुरू केलं. त्यातली पिना, पोटुशी, त्याच दिवशी लग्न असलेली, होणाऱ्या नवऱ्याला जर्मन ट्रकमध्ये घालून नेतात तेव्हा हात वर करून ओरडत ट्रकमागे धावते आणि गोळी लागून रस्त्यात पडते. हे हवेतून आलेलं नाही. 3 मार्च 1944 ला रोममध्ये तेरेसा गुलाचे नावाची पाच मुलांची आई, तीही पोटुशी, पकडलेल्या नवऱ्याला भेटायला बराकीपाशी गेली होती आणि जर्मन शिपायाने तिला गोळी घातली. मान्यानी पडते ती अशी पडते की ती बाईच डोळ्यासमोर येते. हा सिनेमा 1952 च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच दाखवला गेला, भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे भरला होता तेव्हा! मुंबईच्या पेपरने हे तरी विसरू नये.

आणि बघा ना तिने कुठल्या बायका केल्या. 1947 च्या सिनेमात ती अँजेलिना आहे, रोमच्या कडेच्या वस्तीत राहणारी पोलिसाची बायको, जी बायका गोळा करून पाण्यासाठी, रेशनसाठी भांडते आणि साठेबाजाच्या गोदामात घुसते. त्यासाठी तिला व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या, लाटणं मोर्चे निघाले, त्याच्या कितीतरी आधी पडद्यावर ही बाई उभी होती. 'द रोझ टॅटू' मध्ये ती शिवणकाम करणारी विधवा आहे. टेनेसी विल्यम्स या अमेरिकन नाटककाराने ते मूळ नाटक तिलाच डोळ्यापुढे ठेवून लिहिलं होतं पण इंग्रजी पक्कं नाही म्हणून तिने स्टेजवर नाही म्हटलं, मग सिनेमात केलं आणि 1956 मध्ये ऑस्कर मिळालं, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी पहिली इटालियन बाई. समारंभाला ती गेलीच नव्हती, रोममध्ये घरी होती, बातमी फोनवर कळली. 1962 मध्ये दिग्दर्शक पाझोलिनीच्या 'मम्मा रोमा'त धंदा सोडून बाजारात भाजी विकणारी आई. इंजेक्शनवाली, शिवणवाली, भाजीवाली. या बायकांना मी रोज बघते, लालबागच्या मार्केटमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात. तिने त्यांना गरीब बिचाऱ्या म्हणून नाही दाखवलं, त्या भांडतात, चुकतात, खोटंही बोलतात, जोरात हसतात.

रोसेलिनीचं प्रकरण झालं, खोटं नाही. त्याने बर्गमनला घेऊन स्ट्रॉम्बोली बेटावर सिनेमा केला, मान्यानीने शेजारच्याच बेटावर दुसरा केला, पेपरांना वर्षभर खाद्य मिळालं. पुढे 1957 मध्ये तो भारतात सिनेमा करायला आला तेव्हा इथल्या पेपरांनीही तेच केलं आणि त्याच्याशी नाव जोडलं गेलेल्या सोनाली दासगुप्तांना किती सोसावं लागलं ते आपल्याला माहीतच आहे. पण 26 सप्टेंबर 1973 ला कॅन्सरने मान्यानी गेली तेव्हा रोमच्या चर्चबाहेर एवढी गर्दी लोटली होती ती कुणाच्या प्रेयसीसाठी नव्हती हो. ती लोकांची नान्नारेल्ला होती, आपण घरात छकुली, बायडी म्हणतो तसं लाडाचं नाव.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला मी 'बेलिसिमा' दाखवू शकले नाही, तेव्हा घरी दाखवायची सोयच नव्हती. तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात मी बटणं ठेवते.

पुरवणीत जागा असेल तर मान्यानीवर एक पूर्ण पान द्या ही विनंती. फोटो 'रोम, ओपन सिटी' मधला टाका, धावतानाचा, आणि खाली नाव 'मान्यानी' असंच छापा.

आपली,
एक जुनी वाचक,
लालबाग, मुंबई